'उखळी तोफ'ची शांतता

तेर,
४ ऑक्टोबर २०२५

नंदीश,

एकवीस वर्षांनी पत्र आलंय म्हटल्यावर तू आधी पाकीट उलटं करून पाठवणाऱ्याचं नाव वाचलं असशील. होय, मीच. उमाशंकर. एके काळी 'उखळी तोफ' या रॉक बँडचा ड्रमर, सध्या तेरला वडिलांच्या पेरूच्या बागेत पोपट हाकलतो.

फोन का केला नाही ते सांगतो. माझे कान गेले. डावा सहा वर्षांपूर्वी पूर्ण बंद झाला आणि उजव्यात दिवसभर नुसती घरघर चालू असते, बाहेरचं काही आत येत नाही. डॉक्टर म्हणाला, तेरा वर्षं स्पीकरच्या पुढ्यात बसलात, त्याची ही पावती. मोबाइलवर अंगठ्यानं लिहायला मला जमत नाही आणि जमवायचंही नाही. तेव्हा पत्र.

कामाचं असं. कृष्णराजनं कागद पाठवलाय. बँडचं नाव आपल्या तिघांच्या नावावर नोंदवलेलं आहे आणि त्याची मुदत या डिसेंबरअखेर संपते. नवी मुदत हवी तर गायक कृष्णराज, गिटारवाला तू आणि ड्रमर मी अशा तिघांच्याही सह्या लागतात. मागच्या वेळी वकिलाचा माणूस दारात आला आणि मी न वाचता सही करून दिली. या वेळी वाचला. चौदा डिसेंबरला धाराशिवच्या कॉलेजच्या मैदानावर मोठा कार्यक्रम आहे, त्यानंतर गावोगावी दौरा. बँडमध्ये जुना माणूस एकटा कृष्णराज, बाकी सगळी पोरं भाड्यानं आणलेली.

मी सही करणार नाही. चौदा डिसेंबरला काय वाजवायचं ते वाजवा आणि नाव मातीत घाला, असं माझं म्हणणं आहे. 'निखारा' आठवतो का? त्यांच्या आधी वीस मिनिटं वाजवायला मिळावं म्हणून आपण एसटीच्या टपावर ड्रम बांधून पुण्याला गेलो होतो. त्यांचा गायक तोंड उघडायचा आणि माझ्या हातातल्या काड्या ओल्या व्हायच्या. आज त्यातला एकही माणूस उरला नाही, त्या गायकाचा भाचा मोटारसायकलींच्या शोरूमच्या उद्घाटनाला तेच नाव लावून गातो. 'बिनपगारी'वाल्यांनी लग्नाची पॅकेजं काढली आहेत. ज्या गाण्यांवर पोलिसांनी कार्यक्रम बंद पाडला होता, ती आता हळदीला वाजतात. माणूस म्हातारा झाला तर आपण त्याला खाटेवर झोपू देतो, बँडला मात्र रंग लावून उभं करतो.

पुतणी राजनंदिनीनं मला या नव्या 'तोफे'चा व्हिडिओ दाखवला. आपल्या 'बारव' गाण्याच्या मधली ती गाजलेली शांतता आली तर पोरांनी चक्क मान हलवत सात मोजले आणि सुरू केलं. मी मोबाइल उलटा ठेवला.

तरी माझ्या मनात एक किंतु आहे. मी फक्त बघू शकतो. आणि न ऐकता एखाद्याला फाशी द्यायची हे मला पटत नाही. त्यांची तालीम धाराशिवला सुरू आहे. तुझे कान शाबूत आहेत ना? जाऊन ऐक आणि जसं असेल तसं लिही. माझी गय करू नकोस आणि त्याचीही नको.

उमाशंकर

•

लोहारा,
१३ ऑक्टोबर २०२५

प्रिय उमा,

तू मला 'नंदीश' लिहिलंस. कॉलेजात हजेरी घेताना सरसुद्धा नंद्या म्हणायचे. असो, एकवीस वर्षांची थंडी आहे, निघायला वेळ लागेल.

पत्र आधी प्रेमाबाईनं उघडलं. माझी बायको तुझं अक्षर ओळखते, तिला मी लिहिलेली लग्नाआधीची तीन पत्रं तूच लिहून दिली होतीस. ती म्हणाली, "उमाभावजींचं हाय. शिव्या आसतील. जेवल्यावर वाचा." मी जेवायच्या आधी वाचलं. कानांचं वाचल्यावर जेवण गेलं नाही. मला कुणी सांगितलं नाही रे. मीही कुणाला विचारलं नाही, हेही खरं.

माझं दुकान तुला माहीत आहे. पाइप, पाण्याच्या मोटारी, ठिबकच्या नळ्या. सोलापूरच्या स्टँडवर तू म्हणाला होतास, "जा, पाइप विक जा." ते मी अक्षरशः पाळलं. या वर्षीच्या पावसानं निम्म्या गावाच्या मोटारी वाहून गेल्या, त्यामुळं सध्या मान वर करायला फुरसत नाही. पण जातो.

एक मात्र तुला आधीच सांगतो, म्हणजे तू मला निष्पक्ष वगैरे समजू नकोस. तुम्ही सगळे समजत होता की मी वडिलांच्या आजारपणामुळं बँड सोडला. तसं नव्हतं. लातूरच्या शेवटच्या कार्यक्रमात मी 'बारव'चा सोलो वाजवला तो आदल्या वर्षी वाजवला होता तसाच, एकेक सूर तोच. मला स्वतःचीच नक्कल करताना झोप येत होती. आणि लोकांनी इतक्या शिट्ट्या मारल्या की मी घाबरलो. म्हटलं, यांना कळत नाही आणि उद्या मलाही कळेनासं होईल. सडायला आपण तेव्हाच सुरुवात केली होती, उमा. कृष्णराज फक्त थांबला नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

पुढच्या आठवड्यात धाराशिवला जाऊन लिहितो.

तुझा,
नंद्या

•

लोहारा,
२९ ऑक्टोबर २०२५

प्रिय उमा,

जाऊन आलो. तू म्हणालास तसं, जसं आहे तसं लिहितो.

गावाबाहेर एक मंगल कार्यालय भाड्यानं घेतलंय. मांडवाच्या स्टेजवर, जिथं नवरा-नवरीच्या खुर्च्या ठेवतात तिथं ड्रम. कृष्णराज सुटलाय. केस काळे कुळकुळीत, पण मान मागून पांढरी. मला बघून त्यानं मिठी मारली आणि सोडेचना. मग पोरांना म्हणाला, "ह्यो नंदीश. ह्येचा सोलो तुमी रोज वाजवता." पोरं पाया पडली. मला कुठं बघावं कळेना.

मग वाजवायला लागले. उमा, तो गात नाही. टेबलावर लॅपटॉप आहे आणि त्यातून सत्त्याण्णव सालचा कृष्णराज गातो. आजचा कृष्णराज माइक तोंडाशी धरून ओठ हलवतो. पोरांच्या कानात यंत्र आहे, त्यात टकटक वाजत राहते आणि सगळे त्या टकटकीला बांधलेले. गिटारवाला पोरगा माझा सोलो माझ्यापेक्षा स्वच्छ वाजवतो. ऐकताना मला दुकानातला तराजू आठवला, इतकं सगळं बरोबर. मी खुर्चीत बसून तो सव्वीस वर्षांचा गळा ऐकत होतो. काय आवाज होता त्याचा. आपण त्याच्या मागं उभे राहून वाजवत होतो म्हणून आपल्याला कधी नीट ऐकूच आला नाही. समोर बसून पहिल्यांदा ऐकला तो मेलेल्या टेपमधून.

ड्रमवर एक मुलगी आहे. शिवप्रिया, आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीची, बावीसेक वर्षांची. वाशीच्या गणेश मंडळात ताशा वाजवायची, तिथून नुकतीच इकडं आली. अंगानं बारीक आहे पण हात जड.

'बारव' आलं. मधली शांतता आली. आणि त्या मुलीनं कानातलं यंत्र काढून मांडीवर ठेवलं. सात झाले तरी ती सुरू करेना. लॅपटॉपमधला कृष्णराज आपल्या वेळेवर गायला लागला, ही नंतर आली, सगळ्यांचा खेळखंडोबा. कृष्णराज ओरडला, "तुला सातपत्तूर मोजता येत न्हाय व्हय गं?" पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिनं लवकर सुरू केलं, पाचालाच.

तुझ्या सहीबद्दल मी आज काही म्हणत नाही. आणखी एकदा जाईन म्हणतो.

तुझा,
नंद्या

•

तेर,
५ नोव्हेंबर २०२५

नंद्या,

आणखी एकदा कशाला जायचं? निकाल तुझ्याच पत्रात आहे. गायक गात नाही आणि ड्रमरला मोजता येत नाही. याला बँड म्हणायचं असेल तर माझ्या बागेतल्या पोपटांना म्हणायला हरकत नाही, ते निदान स्वतःच्या गळ्यानं ओरडतात.

त्या मुलीचं मला जास्त वाईट वाटलं. जड हात ही देणगी असते, ती असून कुणी शिकवलं नाही म्हणजे वाया गेलं. एकदा सातानंतर, एकदा पाचाला, म्हणजे अंदाजानं चाललंय. ड्रमरनं चुकू नये असं मी म्हणत नाही. पण चूक झाली तर ती एकदाच व्हावी आणि मग तिच्याकडं बघून रात्रभर लाज वाटावी. आम्ही असं शिकलो.

आणि त्या शांततेचं एवढं कौतुक काय, हे मला कधीच कळलं नाही. मुलाखतीत कृष्णराज सांगतो, ती त्याची कल्पना. कुणी तिच्यावर लेख लिहिले, कुणी म्हणालं बारवेतल्या अंधाराचा आवाज आहे. लिहू दे. मी त्यावर कधी काही बोललो नाही आणि आता बोलून काय करायचं.

कृष्णराजला तू सांग किंवा मी कळवतो. सही मिळणार नाही.

उमाशंकर

•

लोहारा,
१७ नोव्हेंबर २०२५

प्रिय उमा,

तू नको म्हणालास तरी मी गेलो. एकदा नाही, तीनदा. आणि परवा जे ऐकलं ते लिहिताना माझ्या अंगावर अजून काटा आहे, म्हणून अक्षर सांभाळून घे.

चहाच्या सुट्टीत शिवप्रिया कार्यालयाच्या पायरीवर एकटी बसली होती. कृष्णराजनं तिला बजावलंय की एक डिसेंबरपर्यंत यंत्रातल्या टकटकीवर बसली नाहीस तर दुसरा ड्रमर येईल. मी शेजारी बसलो आणि विचारलं, "पोरी, तू किती मोजतीस? खरं सांग, मी कुणाला सांगणार न्हाय." (सांगतोय. तू कुणी नाहीस.)

ती म्हणाली, "काका, मोजतच न्हाय. रेकॉर्डमधी त्यांनी तरी कुठं मोजलंय?"

मी म्हटलं, म्हणजे काय.

तर म्हणाली, "शांततेच्या आदला ठोका नीट ऐका. नुसता मारून सोडलेला न्हाय. मारला आन् लगीच हात कातड्यावर ठेवला, नाद मरावा म्हणून. आमच्याकडं वरातीत वाजवताना म्होरून मयत आली की ताशावाले असंच करतेत. हात ठिवून उभं ऱ्हायचं. मयत नजरंआड झाली की मग पुन्यांदा, आन् पयला ठोका लई हळू, बोटानं वाजवल्यावानी. रेकॉर्डमधी परतताना पयला ठोका तसाच हाय. मला तर वाटतंय, ते ड्रमवाले काका कुणीतरी जाताना बघून थांबले. मग ते सात कसं आसंल? जाणारा जितका येळ दिसंल तितका येळ."

मी विचारलं, मग तू कुणाला जाताना बघतेस. ती म्हणाली, रोज कुणीतरी आठवतं. एखादं लवकर जातं, एखादं लवकर जात नाही.

उमा, मी ती टेप हजार वेळा ऐकली असेल. तू वाजवत होतास तेव्हा मी त्याच स्टुडिओत गिटार घेऊन उभा होतो. कातड्यावर ठेवलेला हात मला कधी ऐकू आला नाही. पुण्या-मुंबईच्या लिहिणाऱ्यांना आला नाही. आणि ही वाशीची पोरगी, जी तेव्हा जन्मलीही नव्हती, तिनं टेपमधून हात ओळखला. मी त्या पायरीवर बसून होतो आणि मला तिच्याकडं बघवेना. देवळात गेल्यावर मान खाली जाते तशी माझी गेली होती.

मग मला आठवलं. तू थांबलास तेव्हा कृष्णराज आणि मीही थांबलो, आम्हाला वाटलं तू विसरलास. तू काचेतून बाहेर बघत होतास. मग सुरू केलंस. रेकॉर्डिंग संपल्यावर कृष्णराज म्हणाला, हे असंच ठेवू. मी तुला विचारलं तर तू म्हणालास, "मुद्दाम थांबलो." आणि सिगारेट प्यायला निघून गेलास.

मुद्दाम थांबला होतास का?

नंद्या

•

तेर,
२२ नोव्हेंबर २०२५

नंद्या,

नाही.

तुझं पत्र दोन दिवस उशाखाली होतं. पहिल्या दिवशी मला राग आला, की कुणी तरी माझ्या घरात शिरून पेटी उघडली. मग राग गेला आणि नुसता बसून राहिलो. राजनंदिनीनं पाटीवर लिहून विचारलं, काका, काय झालं. मी लिहिलं, काही नाही, मी पकडलो गेलो.

ऐक. दहा वर्षांचा होतो तेव्हापासून मी तेरच्या बँड पार्टीत साइड ड्रम वाजवायचो. आमचा मास्तर सिदू. त्याचा एकच नियम होता आणि तो त्यानं छडीनं शिकवला होता. वाजवताना म्होरं मयत दिसली की हात कातड्यावर ठेवायचा. नवऱ्या मुलाचा बाप काही म्हणो, पाटील काही म्हणो. मयत वळणाआड जाईपर्यंत नाद आला तर घरी जायचं. एकदा मी एक ठोका जास्त मारला, तर त्यानं मला चार लग्नं वाजवू दिली नाहीत. "त्येचं श्येवटचं चालणं हाय," म्हणाला, "तुजं रोजचंच हाय."

पुण्याच्या त्या स्टुडिओत ड्रम कुठं ठेवले होते आठवतं? बंद केलेल्या गॅलरीत, मोठ्या काचेमागं. खालचा रस्ता स्मशानाकडं जायचा. 'बारव' मध्यावर आलं आणि खालून तिरडी निघाली. चार खांदेकरी आणि पुढं मडकं धरलेला एक माणूस. मागं कुणी नाही. इतक्या मोठ्या शहरात पाठीमागं चालायला एक माणूस नव्हता. काचेतून आवाज येत नव्हता, फक्त ते चालताना दिसत होते. माझा हात कातड्यावर गेला. मी ठेवला नाही, तो गेला. ते कोपऱ्यावर वळले तेव्हा मला शुद्ध आली की मी स्टुडिओत आहे, टेप फिरते आहे आणि तासाभराचं भाडं चालू आहे. मी हळूच परत सुरू केलं.

आणि मग मला लाज वाटली. आपण रॉक वाजवायला आलो होतो. काळे टीशर्ट घालून, केस वाढवून, 'निखारा'च्या बरोबरीला बसायला आलो होतो. आणि माझा हात तेरच्या लग्नातल्यासारखा थांबला. तुम्ही विचारलं तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता, असं मला वाटलं. म्हणून म्हटलं, मुद्दाम. पुढं कृष्णराजनं ती आपली कल्पना म्हणून सांगायला सुरुवात केली, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. चोरी त्यानं केली असं मी इतकी वर्षं मनात धरलं. खरं तर मीच ती त्याच्या खिशात टाकली होती.

माझा सगळ्यात मोठा नावलौकिक ज्याच्यावर आहे ते माझं गावंढळपण होतं, आणि ते मी अठ्ठावीस वर्षं लपवलं. ज्या मुलीला मी मोजता येत नाही म्हणालो, तिनं ते ओळखलं आणि त्याची लाज न बाळगता वाजवलं. नंद्या, मी म्हातारा होत चाललोय, पण कुणापुढं वाकावंसं वाटलं नव्हतं. आज वाटतंय.

आता सहीचं. मी करीन, एका अटीवर. लॅपटॉप बंद. तो तिथं असेल तर शांतता त्याच्या वेळेवर संपणार, आणि तसं असेल तर ती पोरगी तिथं बसून उपयोग नाही. ती जितकं थांबेल तितकं सगळ्यांनी थांबायचं. कृष्णराजला स्वतःच्या गळ्यानं गावं लागेल. तो घाबरेल, मला ठाऊक आहे. हे पत्र त्याला वाचून दाखव, सगळं. माझं लपवलेलंही.

उमा

•

लोहारा,
३ डिसेंबर २०२५

प्रिय उमा,

पत्र वाचून दाखवलं. मांडवाच्या पायरीवर आम्ही दोघं आणि समोर दोनशे रिकाम्या खुर्च्या. तिरडीचं आलं तेव्हा कृष्णराजनं माझ्या हातातून कागद घेतला आणि तेवढं स्वतः वाचलं, दोनदा. मग म्हणाला, "म्या तर सगळ्यास्नी सांगत फिरलो, बारवंतला अंधार हाय म्हून. त्येनं मला आडवलं का न्हाय?" मी म्हटलं, तोही घाबरत होता. तो म्हणाला, "आमी सगळेच भ्यालेलो व्हतो म्हनायचं."

लॅपटॉपचं काढलं तेव्हा तो म्हणाला, वरचा सूर लागत नाही, नऊ वर्षं झाली. आधी एका कार्यक्रमात तेवढा सूर टेपवर घेतला, मग एक ओळ, मग कडवं, असं करत करत सगळाच तिकडं गेलो. हे सांगताना त्याला रडू आलं आणि त्यानं ते पुसलं नाही.

मग उठला, पोरांना आत बोलावलं आणि लॅपटॉपशिवाय गायला. उमा, आवाज फाटलाय. वरचा सूर तो धरायला जातो आणि तो निसटतो, आणि जिथं निसटतो तिथं काहीतरी असं येतं की मी गिटारवर हात ठेवायचा विसरलो. पोरंही वाजवायची थांबली. शिवप्रिया तोंडावर हात धरून बसली होती.

तुझ्या लक्षात आलंच असेल, गिटार माझ्या गळ्यात कशी. दुसऱ्या खेपेपासून मी तालमीत वाजवतोय. तुला लिहिलं नाही, कारण मला तू फितूर म्हणाला असतास. जुना सोलो मी सोडून दिलाय, रोज वेगळं वाजतं, कधी कधी वाईट वाजतं. दुकान प्रेमाबाई बघते आणि मला बोलते.

चौदाला तू ये. ऐकू येणार नाही हे मला कळतं. तरी ये, कृष्णराजच्या गळ्याच्या शिरा बघ. गाडी पाठवतो.

नंद्या

•

तेर,
१६ डिसेंबर २०२५

नंद्या,

सही केलेला कागद सोबत आहे. वकिलाला विचार, माझ्या जागी शिवप्रियाचं नाव घालता येतं का. येत असेल तर त्यासाठी लागतील त्या सह्या मी करतो.

तू वाजवताना अजून डोळे मिटतोस. म्हणून तू जे पाहिलं नाहीस ते लिहितो.

मला स्टेजच्या कडेला खुर्ची दिली होती. पहिला अर्धा तास माझ्या डोक्यात तीच घरघर आणि समोर माणसं तोंडं उघडझाप करतायत, हात हलवतायत. तू म्हणाला होतास तसं कृष्णराजच्या गळ्याच्या शिरा बघितल्या. टेपवर गाणाऱ्याच्या शिरा अशा उठत नाहीत. एवढं कळलं आणि मी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला. लोक सुरुवातीला एकमेकांकडं बघत होते, हा आवाज कसला म्हणून. मग बघायचे थांबले. पुढच्या रांगेत आपल्या वयाचा एक माणूस दोन्ही हातांनी कठडा धरून उभा होता, त्यानं शेवटपर्यंत हात सोडले नाहीत.

मग 'बारव'. गाणं मी ओळखलं ते तिच्या हातांवरून. एका हाताचं वळण माझंच आहे आणि दुसऱ्याचं मला कधीच जमलं नसतं. मी आयुष्यात खूप ड्रमर ऐकले, नंद्या. पाहिलेला हा पहिला. ती मध्यावर आली, शेवटचा ठोका मारला आणि तळहात कातड्यावर ठेवला. सिदू मास्तर ठेवायचा तसा, बोटं पसरून. डोळे समोर, लोकांच्या वर कुठंतरी. कोण जात होतं ते तिलाच माहीत. आधी मी तिच्याकडं बघत होतो, मग मान वळवून मैदानाकडं बघितलं.

गेली काही वर्षं मी घरात, बागेत, एसटीत, माणसांत बसतो, आणि सगळे एका जगात असतात आणि मी एकटा दुसऱ्यात. कुणाचा दोष नाही. पण त्या क्षणी मैदानावर सात-आठ हजार माणसं होती आणि एकाचंही तोंड हलत नव्हतं. लेकरू कडेवर घेतलेली बाई हलत नव्हती. मोबाइल धरलेले हात खाली आले होते. नंद्या, मी जिथं रोज एकटा बसतो तिथं ते सगळे माझ्या शेजारी येऊन बसले होते.

मला अजून थोडा वेळ हवा होता. पण तिनं सुरू केलं तेव्हाच सुरू करायला हवं होतं, हेही मला दिसलं.

उमा